विरजणाला लोखंड लागत नाही

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी कवी माणूस. बी.ए. झालो, तेही मराठी घेऊन. विज्ञानाशी माझा शेवटचा संबंध दहावीच्या परीक्षेत आला आणि तोही पास होण्यापुरता. त्यामुळे आज मी दह्यातल्या जिवाणूंवर बोलणार आहे म्हटल्यावर माझ्या घरचेच आधी हसले. पण हा विषय मी शोधत गेलो नव्हतो. माझ्या एका चुकीमुळे तो आमच्या घरात शिरला. ती चूक सांगावी आणि तिच्यातून जे उमगलं तेही सांगावं, एवढ्यासाठी आज तुमच्यासमोर आलो आहे.

आम्ही सोलापूरचे. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो आणि सकाळी लावलेलं दही दुपारच्या जेवणाआधी आंबून बसतं. रमजान उन्हाळ्यात आला की सहरीला दहीभात ठरलेला. दिवसभर घोटभर पाणीही प्यायचं नसतं, तेव्हा पहाटेच्या त्या दोन घासांचा पोटाला मोठा आधार वाटतो. अम्मी दह्याच्या बाबतीत फार कडक होती. दूध किती कोमट, भांडं कुठलं, झाकण कसं, सगळं तिच्या बोटाला कळायचं. विरजणाला ती जामन म्हणायची आणि शेजारच्या मावशी विरजण म्हणायच्या. एकीकडचं बिघडलं की दुसरीकडून वाटी यायची. दोन्ही घरची विरजणं संपली तर अम्मी कोमट दुधात लाल मिरच्यांचे देठ टाकून ठेवायची आणि त्याचंही दही लागायचं. लहानपणी मला ती जादू वाटे. देठांवर जिवाणू असतात, हे कळायला मला पन्नाशी ओलांडावी लागली.

आता चुकीकडे येतो.

२०२२ साल. माझी थोरली लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. पाचवा महिना होता. तपासणीत हिमोग्लोबिन निघालं ९.६. गरोदरपणात ते ११ तरी असावं लागतं. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या लाल गोळ्या दिल्या. आठ-दहा दिवसांत लेक म्हणाली, "अब्बा, या गोळ्यांनी मळमळतंय. पोट साफ होत नाही. तोंडाला गंजाची चव येते."

मी त्याच सुमारास कुठंतरी वाचलं होतं, की दह्यातले आणि आंबवलेल्या पदार्थांतले जिवाणू खनिजं शोषून घेतात आणि परिस्थिती बिकट झाली की त्यांचं हे शोषणं बदलतं. वाचलं होतं म्हणजे पहिले दोन परिच्छेद वाचले होते. पुढचं अवघड वाटलं म्हणून सोडून दिलं. कवीला अर्धी ओळही पुरते. बाकीची तो मनानं पुरी करतो. मी मनानं पुरं केलं, की जिवाणू खनिजं शोषतात म्हणजे ती आपल्यासाठीच साठवतात. लेकीला म्हटलं, "बेटा, त्रास होतोय तर राहू दे त्या गोळ्या. सकाळ-संध्याकाळ वाटीभर दही खा. आपल्या आजीनं काय गोळ्या खाल्ल्या होत्या?"

बापाचा शब्द. तिलाही तेच हवं होतं. गोळ्यांचं पाकीट कपाटात गेलं. घरात हिला सांगितलं नाही, डॉक्टरीणबाईंनाही नाही.

सातव्या महिन्यात, रमजान चालू असतानाच, लेक जिना चढताना दोनदा थांबली. ओठ पांढरे पडलेले. पुन्हा रक्त तपासलं. आकडा होता ७.१.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना?" लेकीनं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. त्या मला रागावल्या नाहीत. ते मला जास्त लागलं. एवढंच म्हणाल्या, "बाळंतपणात रक्त जातं, काका. हिच्याकडे जायला आहेच किती?"

मग दवाखान्यात ठेवून सलाइनमधून लोहाचं औषध दिलं. दर खेपेला मी बाहेरच्या बाकावर बसून असायचो. रोजा सोडायची वेळ झाली, की हातातला खजूर तसाच राहायचा. आपल्या देशात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरातल्या सत्तावन्न स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं, हे मी नंतर वाचलं. बाकावर बसलो होतो तेव्हा मला फक्त एकच स्त्री ठाऊक होती.

माझे एक मित्र महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत. आम्ही सगळे त्यांना सरच म्हणतो. ते भेटायला आले. मी त्यांना सगळं खरं सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "तू ज्याच्याकडे लोखंड मागायला गेलास, त्याच्या घरात लोखंडच नाही."

पुढे काही महिने मी त्यांच्याकडे जात राहिलो. जे समजलं ते माझ्या भाषेत सांगतो.

इडलीच्या पिठात, लोणच्यात, कोबीच्या पानावर एक जिवाणू राहतो. त्याचं नाव लॅक्टोबॅसिलस प्लँटारम. २०२० साली शास्त्रज्ञांनी त्याच्या मोठ्या कुटुंबाची फाळणी केली आणि त्याचं आडनाव बदलून लॅक्टिप्लँटिबॅसिलस केलं. आपण त्याला प्लँटारमच म्हणू. माणसाला उपकारक ठरू शकणारे जे जिवाणू आहेत, ज्यांना प्रोबायोटिक म्हणतात, त्यांच्या जातीत याचे काही वाण गणले जातात. साखर खाऊन आम्ल तयार करणं, हा दह्यातल्या जिवाणूंसारखाच त्याचाही धंदा.

आता, पृथ्वीवरच्या जवळजवळ प्रत्येक जिवाला लोह लागतं. तुम्हाला, मला, झाडाला, रोगजंतूला. लोहासाठी जिवाजिवांत केवढी मारामारी असते. आईच्या दुधात लॅक्टोफेरिन नावाचं एक प्रथिन असतं. ते लोहाला घट्ट धरून ठेवतं, म्हणजे बाळाच्या पोटातल्या वाईट जंतूंच्या हाती ते लागू नये. पण प्लँटारम या मारामारीत उतरतच नाही. १९८३ साली आर्किबाल्ड या शास्त्रज्ञानं दाखवून दिलं, की हा जिवाणू लोहाशिवाय वाढतो.

मग त्याचं चालतं कशावर? मँगनीजवर.

मँगनीज म्हटल्यावर मला शाळेतला भूगोलाचा तास आठवला. 'मँगनीज – भंडारा, नागपूर' असं आम्ही घोकत होतो. तुमसर तालुक्यातली डोंगरी बुजुर्ग ही त्याची मोठी खाण. पोलादाच्या कारखान्यात आणि बॅटरीच्या सेलमध्ये लागणारं हे खनिज इडलीच्या पिठातल्या जिवाणूच्या पोटातही असेल, असं आमच्या गुरुजींनाही वाटलं नसेल.

त्याला ते का लागतं, हे समजायला आधी प्राणवायूचं दुसरं रूप समजून घ्यावं लागतं. प्राणवायू जगवतो तसा जाळतोही. पेशीत त्याच्यापासून काही उतावळे रेणू तयार होतात आणि दिसेल त्याला चावत सुटतात. त्यातल्या एकाचं नाव सुपरऑक्साइड. त्याला शांत करणारं एक विकर बहुतेक जिवांकडे असतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ साली त्या विकराचं काम उलगडून दाखवलं. प्लँटारमकडे मात्र ते विकर नाही. मग हा उघड्यावर जगतो कसा? आर्किबाल्ड आणि फ्रिडोविच यांना १९८१ साली उत्तर सापडलं. तो स्वतःच्या पेशीत मँगनीज ठासून भरतो. इतर जिवाणूंच्या पेशीत असतं त्याच्या शेकडो पटींनी जास्त. ते मँगनीजच सुपरऑक्साइडला शांत करतं. मँगनीज न देता वाढवला, तर हवेत त्याचे हाल होतात.

सरांनी आणखी एक गंमत सांगितली. हे जिवाणू स्वतःच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. त्याची लोहाशी गाठ पडली, की पेशी फाडून काढणारे रेणू जन्माला येतात. म्हणजे अशा घरात लोखंड ठेवणं म्हणजे चुलीशेजारी रॉकेल ठेवण्यासारखं. प्लँटारमनं ते घरात ठेवलेलंच नाही.

मी ज्या लेखाचे पहिले दोन परिच्छेद वाचले होते, त्याचा पुढचा भाग हा होता. परिस्थिती बिकट झाली की जिवाणूचं खनिजं घेणं बदलतं, हे खरंच आहे. पण ते कोणासाठी?

जिवाणूच्या पेशीला भिंत असते, आत एक पातळ चरबीचं आवरण असतं. खनिजं त्यातून आपोआप आत झिरपत नाहीत. त्यासाठी प्रथिनांची खास दारं असतात आणि बऱ्याच दारांवर आत घेण्याचं भाडं द्यावं लागतं. भाडं म्हणजे पेशीची ऊर्जा. आता दह्याचंच बघा. ताज्या दुधाचा सामू साडेसहाच्या थोडा वर असतो, दह्याचा साडेचारच्या आसपास. ऐकायला फरक दोनाचा वाटतो, पण हिशोबानं दही दुधाच्या शंभरपटीहून जास्त आम्लधर्मी झालेलं असतं. हे आम्ल जिवाणूनंच केलेलं. आपल्याच धंद्यानं घर तापवायचं आणि मग त्यातच राहायचं. आत शिरणारं आम्ल बाहेर उपसायला त्याला ऊर्जा खर्चावी लागते. खनिजं घ्यायलाही ऊर्जाच लागते. पुढे आपण ते दही खाल्लं, की जठरातलं त्याहून जहाल आम्ल येतं. त्यातून वाचला तर आतड्यात पित्त येतं आणि ते त्याचं चरबीचं आवरणच सैल करतं. उष्णतेनंही तेच होतं. आवरण सैल झालं, की बाहेरचं आत येतं, आतलं बाहेर गळतं आणि दारांचं काम बिघडतं.

अशा वेळी जिवाणू काय करतो? जे सगळ्यात जास्त लागतं, त्याची दारं वाढवतो. प्लँटारमचा मँगनीजपुरवठा तोडला, की तो मँगनीज आत घेणारी जादा दारं उभी करतो, हे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. त्याला अशी एकाहून जास्त दारं आहेत. एखादं बंद पाडलं तरी तो निभावून नेतो. गरिबाच्या घरात जशी चार ठिकाणी उधारी असते, तसंच म्हणा ना.

आणि एकदा त्यानं मँगनीज आत घेतलं, की दुसऱ्याला उरत नाही. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०२० साली याचा छान उलगडा केला. काही लॅक्टोबॅसिलस दह्यात घातले, की त्यावर बुरशी येत नाही. सगळ्यांना वाटायचं, जिवाणू काहीतरी विष सोडत असतील. तपासल्यावर दिसलं, की दुधात आधीच मँगनीज अगदी कमी, तेवढंही या जिवाणूंनी गिळलेलं आणि बुरशी उपाशी राहिलेली. वरून मँगनीज घातल्यावर बुरशी पुन्हा वाढू लागली.

याची उलटी बाजूही आहे. अमेरिकेत १९८४ साली दोन संशोधक मसाल्यांचा अभ्यास करत होते. मांस आंबवून टिकवताना त्यात मसाला घातला, की आंबण्याची क्रिया जोरात का होते, हा त्यांचा प्रश्न. उत्तर निघालं मसाल्यातलं मँगनीज. ते वाचून मला अम्मीची लोणच्याची बरणी आठवली. मीठ, मोहरी, हळद, मेथी. मीठ जिवाणूंची परीक्षा घेतं, तर मसाल्यातून त्यांना शिदोरीही मिळत असणार. अम्मीला यातलं अक्षरही माहीत नव्हतं, पण बरणीला ओला हात लावलेला तिला खपायचा नाही.

तर श्रोतेहो, माझ्या चुकीचं मूळ इथं आहे. जिवाणू खनिज घेतो ते स्वतःच्या जिवासाठी. तो काही आपला कोठावळा नाही. त्यातून त्याला हवं असतं मँगनीज आणि माझ्या लेकीला हवं होतं लोह. लेकीच्या एका लाल गोळीत साठ मिलिग्रॅम लोह होतं. शरीर त्यातलं थोडंच घेतं, हे खरं. पण एका वाटी दह्यात मुळात एक मिलिग्रॅमही नसतं. दूधच लोहाच्या बाबतीत गरीब, मग दही कुठून श्रीमंत होणार? सगळेच जिवाणू प्लँटारमसारखे असतात असंही नाही. प्रत्येकाचं वेगळं असतं, हे सर मला पुन्हा पुन्हा बजावतात. पण मुळात नसलेलं लोह कुठलाच जिवाणू पैदा करू शकत नाही.

आणि आणखी एक. मी लेकीला गोळी दह्याबरोबर घे म्हटलं असतं, तरी चुकलंच असतं. दूध-दह्यातलं कॅल्शियम आणि चहातली तुरट द्रव्यं लोहाच्या वाटेत आडवी येतात. गोळी घ्यायची ती लिंबूपाण्यासोबत. चहा आणि दूध तास-दोन तास लांब. मळमळत असेल तर गोळी बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगायचं. ते वेळ बदलून देतात, गोळी बदलून देतात. एवढं मी विचारलं असतं, तर दवाखान्याच्या बाकावर बसावं लागलं नसतं.

मग आंबवण्याचा लोहाशी काहीच संबंध नाही का? आहे, पण तो वेगळ्या जागी आहे. नाचणी, ज्वारी, डाळी यांच्यात लोह असतं, पण फायटेट नावाचं द्रव्य त्याला धरून बसलेलं असतं. पीठ भिजवून आंबवलं, की आंबटपणात धान्यातलंच एक विकर जागं होतं आणि ती मूठ सैल करतं. म्हणजे जिवाणू लोह आणून देत नाही. धान्यात होतं ते सुटायला मदत करतो. प्लँटारमच्या एका वाणानं जेवणातलं लोह अंगी लागायला मदत होते, असंही स्वीडनमधल्या स्त्रियांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून आंबील चांगली, इडली चांगली, आंबवलेलं धिरडं चांगलं. पण ७.१ वर आलेल्या पोरीला आंबिलीच्या भरवशावर ठेवायचं नसतं.

एक गोष्ट मला आत कुठंतरी लागून राहिली आहे. आयुष्यभर मी कवितेत सहनशीलतेचे गोडवे गायले. थोडक्यात भागवणाऱ्या माणसांवर लिहिलं. अम्मीवर लिहिलं. ती सगळ्यांना वाढून उरेल ते खायची आणि आम्ही त्याला तिचा मोठेपणा म्हणायचो. प्लँटारमबद्दल पहिल्यांदा कळलं, तेव्हाही माझ्या मनात लगेच ओळ आली, की बघा, लोखंडावाचून जगणारा हा फकीर. आणि मग लेकीचे पांढरे ओठ आठवले. जिवाणू लोहावाचून जगतो, कारण त्याची घडणच तशी आहे आणि त्यानं बदल्यात दुसरं काहीतरी भरपूर साठवलेलं आहे. आमच्या घरातल्या बायका लोहावाचून जगत होत्या, कारण त्यांच्या ताटात ते कुणी वाढत नव्हतं. या दोन गोष्टी मी एकच समजत होतो. 'आजीनं काय गोळ्या खाल्ल्या होत्या' हे वाक्य मी किती सहज बोलून गेलो. आजीनं नव्हत्या खाल्ल्या. आजी जिन्यावर दम खायला बसायची. आम्हाला वाटायचं, तिला तिथं बसायला आवडतं.

जूनमध्ये लेक बाळंत झाली. मुलगी झाली. त्याआधी आकडा १०.२ पर्यंत चढला होता. रक्त गेलं, पण निभावलं. बाळंतपणानंतरही गोळ्या चालू राहिल्या आणि या खेपेला त्यांचा हिशोब मी ठेवला. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज एक फुली. तारीख उलटायच्या आत फुली नसली, की मी लेकीच्या खोलीच्या दाराशी लिंबूपाण्याचा पेला घेऊन उभा. ती म्हणायची, "अब्बा, तुम्ही कवी होतात तेच बरं होतं."

दही आजही आमच्याकडे रोज लागतं. अम्मीची बोटं नाहीत, पण दूध करंगळीला सोसेल एवढं कोमट झालं की मीच विरजण घालतो आणि झाकण ठेवताना मनाशी म्हणतो, की तुझं तुला, आमचं आम्हाला. तू आंबटपणा दे, चव दे, पोटाला गारवा दे. लोहाचं आम्ही बघतो.

तुमच्या घरी कपाटात लाल गोळ्यांचं एखादं पाकीट अर्धवट पडलेलं असेल, तर हे ऐकून झाल्यावर ते बाहेर काढा. ती कुणाच्या वाट्याची होती, ते तुम्हाला ठाऊकच आहे. तिला विचारा, का थांबवल्या? आणि ती जे सांगेल, ते ऐकून तिला डॉक्टरांकडे घेऊन जा.